लपवलेली साखर आणि जहाजावरचं बिल

नमस्कार ताई,

सासू-सासऱ्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून आम्ही दोघांना एका टूर कंपनीबरोबर सिंगापूरहून सुटणाऱ्या क्रूझवर पाठवलं. पेनांग करून जहाज फुकेतकडे निघालं त्या रात्री सासऱ्यांना (वय ६९) उलट्या-जुलाब सुरू झाले. जहाजावरच्या दवाखान्यात सलाईन लावलं, रक्त तपासलं. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला घटक) वाढलंय, इथे ठेवता येणार नाही, असं सांगून सकाळी त्यांना फुकेतला उतरवलं. जहाज पुढे निघून गेलं. दोन दिवस तिथे ॲडमिट, मग नवी तिकिटं काढून थेट मुंबई. जहाजाचं बिल १,६४० डॉलर, हॉस्पिटलचं १,१८,००० थाई बात. तिकिटं धरून खर्च पाच लाखांच्या घरात गेला. ग्रुपमधल्या आणखी चौघांना त्याच दोन दिवसांत हाच त्रास झाला होता. पंधरा दिवसांनी सांगलीत तपासलं तर क्रिएटिनिन पूर्ववत.

विमा ५०,००० डॉलरचा होता. पण सासऱ्यांना बारा वर्षांपासून साखर आणि बीपी आहे, ते फॉर्ममध्ये आलं नाही. टूर कंपनीच्या माणसाने फोनवर विचारलं, "आजार वगैरे काही नाही ना?" सासरे म्हणाले, "नाही." त्यांना वाटलं, सांगितलं तर नेणारच नाहीत. आता विमा कंपनीने दावा फेटाळलाय. कारणं दोन: आधीचा आजार लपवला, आणि जहाजावरचा दवाखाना म्हणजे हॉस्पिटल नव्हे. मला वाटतं चूक त्या माणसाचीच, त्याने नीट विचारलंच नाही. मिस्टर म्हणतात, सोडून दे, पुढे गेलो तर बाबांचं खोटं चारचौघांत निघेल. सासरे तर बोलेनासेच झालेत. त्यात नणंद न्यू जर्सीला असते, तिने पुढच्या उन्हाळ्यात दोघांना बोलावलंय आणि तिकडून बर्म्युडाची क्रूझ ठरवतेय. सासरे म्हणतात, येतो, पण विम्याला एक पैसा देणार नाही. काय करू?

– एक सून, सांगली

सोडून देऊ नका. पण भांडायचं कशावरून, ते आधी ठरवा. कारण ज्या मुद्द्यावर तुमचा सगळा राग आहे, तोच तुमच्या बाजूचा सर्वांत कच्चा मुद्दा आहे.

टूर कंपनीच्या माणसाने नीट विचारलं नाही, हे खरंच असेल. घाईघाईत, उत्तर आधीच गृहीत धरून विचारलेला प्रश्न होता तो. पण फॉर्म सासऱ्यांच्या नावाचा आहे, आणि आजकाल मोबाइलवर आलेला ओटीपी सांगितला की सही झाली असंच धरलं जातं. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये एका आयुर्विम्याच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलंय की फॉर्म दुसऱ्याने भरला, आम्ही नुसती सही केली, ही सबब चालणार नाही. सही करणाऱ्यावर मजकुराची जबाबदारी येते. मी दाव्यांच्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला नोकरी केली आहे. "एजंटने भरलं हो" हे वाक्य तिथे इतक्या वेळा ऐकू येतं की वाचणाऱ्याची मान वरही होत नाही.

म्हणून तुमच्या तक्रारीचं पहिलंच वाक्य कबुलीचं असू द्या. "माझ्या सासऱ्यांना मधुमेह व उच्च रक्तदाब आहे, आणि विम्याच्या प्रस्तावात (फॉर्ममध्ये) तो नमूद झाला नाही, हे आम्हाला मान्य आहे." एवढंच. त्यामागे कारणांची माळ लावू नका. मिस्टरांना सांगा की बाबांचं खोटं निघायचं ते कधीच निघालंय. फुकेतच्या हॉस्पिटलने दाखल करताना रोजच्या गोळ्यांची यादी लिहून घेतली आणि ती कंपनीच्या फायलीत आहे. आता त्यात झाकण्यासारखं काही उरलेलं नाही. आपणच ते पहिल्या ओळीत लिहिलं की समोरच्याला तेच परत परत सिद्ध करत बसण्यात मजा राहत नाही, आणि त्याला पुढच्या प्रश्नावर यावं लागतं.

तो पुढचा प्रश्न असा: जे लपवलं, त्याच्यामुळे हा खर्च झाला का?

इथे तुमच्या हातात थोडंफार बळ आहे. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आयुर्विमा महामंडळाविरुद्धचं एक प्रकरण होतं. विमेदाराने मणक्याचं दुखणं सांगितलं नव्हतं, पण त्याचा मृत्यू झाला हृदयविकाराने. न सांगितलेल्या दुखण्याचा मृत्यूशी संबंध नाही, म्हणून रक्कम द्यायला लावली. तो आयुर्विमा होता आणि तुमचा प्रवास विमा, हा फरक आहे. तरी विचार तोच लागू पडतो, आणि विमा लोकपाल (विम्याच्या तक्रारी ऐकणारे अधिकारी) अशा निकालांकडे बघतात. प्रवास विम्यावरचाच एक निकाल ६ डिसेंबर २०२१ चा आहे, युनायटेड इंडिया इन्शुरन्सविरुद्धचा. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर उतरताच एका प्रवाशाला हृदयविकाराचा झटका आला, तीन स्टेंट बसवावे लागले, आणि कंपनीने आजार लपवल्याचं कारण देऊन दावा नाकारला. सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचा नकार रद्द केला. पण इंटरनेटवर तो निकाल सापडला म्हणून लगेच चिकटवून पाठवू नका. त्या माणसाचा मधुमेह विमा घेतानाच नोंदवला गेला होता. माहीत असून पॉलिसी दिलीत, आता तेच कारण कसं पुढे करता, असा तो निकाल आहे. तुमच्या सासऱ्यांनी सांगितलंच नव्हतं. तो निकाल तुम्ही पुढे केलात तर कंपनीचा वकील हसत हसत तो तुमच्यावरच उलटवेल.

आणि विरुद्ध बाजूचंही माहीत असू द्या. २००९ च्या एका मेडिक्लेम प्रकरणात मधुमेह आणि मूत्रपिंडाचा जुना आजार लपवला होता, उपचार मूत्रपिंडाचेच झाले, आणि सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचा नकार योग्य ठरवला. तुमच्या कंपनीचा डॉक्टर नेमका याच वाटेने येणार: क्रिएटिनिन वाढलं म्हणजे मूत्रपिंड, मूत्रपिंड म्हणजे साखर.

त्याला उत्तर तुमच्याच पत्रात आहे. त्याचे कागद गोळा करायला लागा. प्रवासाच्या आधीचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट फॅमिली डॉक्टरांकडे असेलच. साखरेच्या पेशंटची ही तपासणी अधूनमधून होत असते. तो नॉर्मल, जहाजावरचा वाढलेला, पंधरा दिवसांनी सांगलीचा पुन्हा नॉर्मल, असे तीन कागद ओळीने लावले की बारा वर्षांच्या साखरेने मूत्रपिंड बिघडवलं असं म्हणणं अवघड होतं. साखरेने हळूहळू बिघडलेलं मूत्रपिंड पंधरा दिवसांत पूर्ववत होत नाही. अंगातलं पाणी कमी झाल्याने चढलेलं क्रिएटिनिन मात्र सलाईनने उतरतं. सांगलीच्या डॉक्टरांकडून हे त्यांच्या लेटरहेडवर, तारखांसकट लिहून घ्या.

दुसरं, ते चौघे. नोरोव्हायरस हा जहाजांवरचा जुना उपद्रव आहे. संसर्ग झाल्यावर साधारण १२ ते ४८ तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात, आणि बंद जागेत, एकाच बुफेवर जेवणाऱ्यांत तो भराभर पसरतो. सासऱ्यांना तोच झाला होता असं मी म्हणत नाही. त्याची तपासणी झाली नसेल तर तुम्हीही तसा दावा करू नका. पण एका ग्रुपमधले पाच जण एकाच वेळी आजारी पडतात तेव्हा कारण पाचांच्या पोटात जाणारं काहीतरी असतं, एकाच्या रक्तातली साखर नसते. त्या चौघांपैकी कोणाला साखर नसेल तर त्याचा जबाब सोन्यासारखा आहे. टूर कंपनीकडे नावं आहेत. त्यांना एकेक फोन करा, जहाजावरच्या दवाखान्याची पावती असेल तर प्रत मागा, आणि दोन ओळी सहीनिशी लिहून घ्या. हे काम आठवण ताजी आहे तोवरच होतं.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. साखर आणि बीपीच्या काही गोळ्या चालू असताना शरीरातलं पाणी कमी झालं तर मूत्रपिंडावर ताण जास्त येतो. कंपनीचा डॉक्टर हे म्हणाला तर तो खोटं बोलत नसेल. म्हणून पूर्ण रक्कम मिळेल असं मी सांगणार नाही. तडजोडीत काही भाग मिळण्याची शक्यता धरून चला.

आता जहाजाचं बिल. ही त्यांची बाजू मला जास्त पोकळ वाटते. मोठ्या क्रूझ जहाजावर खालच्या मजल्यावर छोटा दवाखाना असतो. डॉक्टर, नर्स, ईसीजी, रक्ताच्या तपासण्या, बहुतेक ठिकाणी एक्स-रे, सलाईन, तात्पुरता ऑक्सिजन. शस्त्रक्रिया होत नाही. रुग्णाला तगवून पुढच्या बंदरावर सोपवायचं, एवढाच त्याचा हेतू. बिल केबिनच्या खात्यावर चढतं आणि तुमच्या कार्डातून कापलं जातं. कॅशलेसचा प्रश्नच येत नाही. पॉलिसीतल्या हॉस्पिटलच्या व्याख्येत नोंदणी, खाटा, चोवीस तास नर्स वगैरे अटी असतात आणि जहाजाचा दवाखाना त्यात कदाचित बसणार नाही. पण व्याख्या लागू पडते ती दाखल होऊन घेतलेल्या उपचारांना. तुमच्या पॉलिसीत तातडीच्या बाह्यरुग्ण उपचारांचा खर्च समाविष्ट आहे का, ते काढून बघा. बऱ्याच प्रवास विम्यांत असतो. असेल तर तो उपचार कुठे झाला याला फारसं महत्त्व उरत नाही. तिथे लिहा: "हॉस्पिटलच्या व्याख्येचा मुद्दा बाजूला ठेवून बाह्यरुग्ण कलमाखाली विचार व्हावा." आणि डिडक्टिबल म्हणून सुरुवातीची काही रक्कम वजा होईल, ते पाहून दचकू नका.

नवी विमान तिकिटं आणि वाया गेलेली क्रूझ ही वेगळी बाब आहे. प्रवास अर्धवट सोडावा लागल्याचं कलम बऱ्याच पॉलिसींत असतं, वैद्यकीय कलमापासून स्वतंत्र. त्यासाठी जहाजावरच्या डॉक्टरने दिलेलं उतरवण्याचं पत्र लागेल. ते नसेल तर क्रूझ कंपनीला ईमेल करून प्रवासाची तारीख, केबिन नंबर देऊन मागा. टूर कंपनीकडूनही दोन गोष्टी मागवा: विम्याचं मूळ प्रमाणपत्र आणि तो भरलेला प्रस्ताव. कोणाच्या सहीने, कोणत्या नंबरच्या ओटीपीने तो गेला हे डोळ्यांनी बघा. सासऱ्यांचा नंबरच नसेल, तर आधी ज्याला मी कच्चा मुद्दा म्हटलं तो जरा वजनदार होतो.

क्रूझ कंपनीवर दावा लावण्याचं कोणी सुचवलं तर कानाडोळा करा. तिकिटाच्या अटींत कोणत्या शहरातल्या न्यायालयात जायचं ते छापलेलं असतं, अमेरिकन कंपन्यांचं बहुतेक मायामी. अशा अटी चालतात हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच मान्य केलंय.

तक्रारीचा रस्ता सरळ आहे. आधी विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवा, ईमेलने, म्हणजे तारीख राहते. नकाराच्या पत्रात पॉलिसीचं कोणतं कलम लावलंय ते नसेल तर तेही विचारा. विमा नियामक आयआरडीएआयच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार आरोग्याचा दावा कंपनीतल्या तीन सदस्यांच्या समितीच्या मान्यतेशिवाय फेटाळता येत नाही आणि कलम सांगावं लागतं. हा प्रश्न विचारला की फाइल पुन्हा एकदा कोणीतरी उघडतं, हाही एक फायदा. एका महिन्यात उत्तर नाही किंवा पुन्हा नकारच आला, तर विमा लोकपाल. सांगलीसाठी कार्यालय पुण्याला. तक्रार ऑनलाइन करता येते, शुल्क नाही, वकील लागत नाही आणि चालतही नाही. कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत जायला हवं. ५० लाखांपर्यंतचे दावे ते ऐकतात, म्हणजे तुमचं प्रकरण आरामात बसतं. सुनावणी एका खोलीत किंवा व्हिडिओवर होते. समोर लोकपाल आणि कंपनीचा एक प्रतिनिधी. चारचौघं म्हणतात ते तिथे नसतात, हे मिस्टरांना सांगा. निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. पटला नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच, दोन वर्षांच्या मुदतीत. फक्त क्रम उलटा करू नका. ग्राहक आयोगात आधी गेलात तर लोकपाल ते प्रकरण घेत नाहीत.

सासऱ्यांबद्दल. ते गप्प आहेत ते पैशांमुळे नसावेत. चाळीस वर्षांनी मुलांनी हौसेने पाठवलं आणि आपल्या एका "नाही"मुळे सगळ्यांना निस्तरावं लागतंय, हे त्यांना लागलंय. त्यांना समजावत बसू नका, काम द्या. फॅमिली डॉक्टरांकडून जुने रिपोर्ट आणणं, त्या चौघांना फोन करणं, हे त्यांनीच करावं. त्या चौघांशी बोलायला त्यांच्याइतकं योग्य कोण? आणि लोकपालांसमोर "मी घाबरलो, म्हणून सांगितलं नाही" हे त्यांनी स्वतः म्हटलं तर ते तुमच्या कोणत्याही युक्तिवादापेक्षा खरं वाटेल. आपल्याकडे साखर हा आजार मानतच नाहीत, ती वयाबरोबर आलेली गोष्ट, चष्म्यासारखी. कंपन्यांना हे माहीत आहे. तरी फॉर्ममध्ये "आजार" एवढाच शब्द ठेवतात, "रोज कोणती गोळी घेता" असं विचारत नाहीत. हा माझा जुना राग आहे, असो.

आता बर्म्युडा. विम्याशिवाय जाऊ देऊ नका. इथे सुनेने थोडं कडक व्हायला हरकत नाही. अमेरिकेतला एक दिवसाचा हॉस्पिटलचा मुक्काम फुकेतच्या दोन दिवसांना लाजवेल. न्यू जर्सीच्या बेयॉनमधल्या केप लिबर्टी बंदरावरून ही जहाजं सुटतात. बर्म्युडा अमेरिकेच्या किनाऱ्यापासून हजारएक किलोमीटर आत आहे. मध्ये समुद्रात काही झालं तर हेलिकॉप्टर पोहोचेलच असं नाही. जहाज बंदराला लागेपर्यंत वाट बघावी लागू शकते. तिथून रुग्णवाहिका-विमानाने हलवायचं तर बिल हजारो डॉलरमध्ये जातं. म्हणून पॉलिसी निवडताना सामान हरवण्याची रक्कम किती हे बघण्यात वेळ घालवू नका. वैद्यकीय स्थलांतराची रक्कम आधी बघा.

भारतातून घेतलीत तर "अमेरिका व कॅनडासह जगभर" अशी हवी, "सोडून" असलेली नव्हे. नणंदेने तिकडे व्हिजिटर इन्शुरन्स घेतला, तर तो दोन प्रकारचा असतो. एकात प्रत्येक उपचाराला ठरलेली छोटी रक्कम मिळते. तो स्वस्त असतो आणि आई-वडिलांसाठी बहुतेक तोच घेतला जातो. त्यापेक्षा खर्चाच्या प्रमाणात भरपाई देणारा घ्यायला सांगा. त्यात आधीच्या आजाराचा अचानक भडका धरलेला आहे का, आणि सत्तरी ओलांडल्यावर मर्यादा किती खाली येते, हे वाचायला लावा. सासरे तोवर सत्तरीचे झाले असतील. शिवाय हा विमा मुळात अमेरिकेतल्या मुक्कामासाठी असतो. जहाजावर आणि बर्म्युडात तो चालतो की नाही, हे कंपनीकडून ईमेलवर लेखी घ्यायचं.

फॉर्म सासऱ्यांनी स्वतः भरायचा. साखर, बीपी, गोळ्यांची नावं आणि डोस, आणि या वेळचं फुकेतचं दाखल होणंसुद्धा. प्रीमियम वाढेल, एखादी कंपनी नाही म्हणेल. नाही म्हणाली तर दुसरी बघा.

निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारून एका कागदावर लिहून घ्या की उलट्या-जुलाब झाले तर कोणत्या गोळ्या थांबवायच्या आणि कधी परत सुरू करायच्या. मेटफॉर्मिन, डॅपाग्लिफ्लोझिन या साखरेच्या गोळ्या आणि बीपीच्या काही गोळ्या यांच्याबाबत डॉक्टर तशा सूचना देतात. मागच्या वेळी बहुधा त्या रात्रीही गोळ्या घेतल्या गेल्या असतील. जहाजावर चढताना औषधं हातातल्या पिशवीत, कारण मोठ्या बॅगा केबिनपर्यंत यायला संध्याकाळ होते. जेवणाआधी हात साबणाने. दारात ठेवलेलं जेल नोरोव्हायरसवर फारसं चालत नाही. पोट बिघडलं तर पहिल्या तासात दवाखान्यात सांगायचं. केबिनमध्ये कोंडतील म्हणून लोक लपवतात आणि पाणी कमी पडत जातं. अमेरिकन बंदरांत येणाऱ्या जहाजांना असे रुग्ण तिथल्या आरोग्य खात्याला कळवावेच लागतात, प्रमाण ३ टक्क्यांवर गेलं तर ते जाहीरही होतं. तसं झालं तर त्या जाहीर नोंदीची प्रत जपून ठेवा. या वेळी ती तुमच्याकडे असती तर चौघांना फोन करावे लागले नसते. आणि मध्येच उतरावं लागलं तर पासपोर्ट आणि गोळ्यांची पिशवी घेतल्याशिवाय कोणी जहाज सोडायचं नाही. विमा कंपनीच्या मदत केंद्राला उतरण्याआधीच फोन लावायचा. तो नंबर सासूबाईंच्या पर्समध्ये कागदावर हवा, कारण समुद्रात मोबाइलची रेंज मिळेलच असं नाही.

नकाराचं पत्र कोणत्या तारखेचं आहे, ते आज बघा. मुदती तिथून मोजायच्या आहेत.